दोघांत एकच चेंडू : रोममधला रायडर कप

रोमच्या ईशान्येला दाट वस्ती संपते आणि टेकड्या सुरू होतात. गुइदोनिया मोंतेचेलिओ नगरपालिकेच्या हद्दीतल्या या टेकड्यांमध्ये मार्को सिमोने नावाचा एक मध्ययुगीन किल्ला आहे. फॅशन डिझायनर लॉरा बियाजोत्ती यांच्या कुटुंबाने तो घेतला, निगुतीने राखला, आणि त्याच्या आजूबाजूला गोल्फचं मैदान उभं राहिलं. उंचावरच्या काही जागांवरून लांबवर सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. २०२३च्या सप्टेंबरअखेरीस या मैदानावर रायडर कप झाला, युरोप विरुद्ध अमेरिका. इटलीत ही स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. युरोपच्या मुख्य भूमीवर त्याआधी ती फक्त दोनदा झाली होती, १९९७ साली स्पेनमध्ये वाल्देरामाला आणि २०१८ साली पॅरिसजवळ.

माझे धाकटे दीर म्युनिकला असतात. तिकिटांसाठी त्यांनी नाव नोंदवलं होतं, आणि तिकिटं लागल्यावर त्यांचा पहिला फोन मला आला. घरात गोल्फचं वेड मला आहे हे त्यांना ठाऊक आहे. बाबा लष्करात होते, त्यामुळे माझं लहानपण छावण्यांमध्ये गेलं आणि छावणीत गोल्फचं मैदान असायचंच. पुढे पुण्यात स्थायिक झाल्यावर बाबा आणि मी हा सामना टीव्हीवर पाहायचो. २०१२चा मेडिनाचा रविवार आम्ही रात्रभर जागून पाहिला. शिकागोजवळच्या त्या मैदानावर युरोप शेवटच्या दिवशी १०–६ असा मागे होता आणि १४½–१३½ असा जिंकला. युरोपच्या मार्टिन कायमरने निर्णायक पट (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलण्याचा फटका) घातला तेव्हा आमच्याकडे सोमवारची पहाट होती, आणि बाबांनी सगळं घर उठवलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोल्फ एरवी प्रत्येकाने आपापलं खेळायचं असतं. चार दिवस, बहात्तर होल (पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एकेक टप्पा), कमीत कमी फटके, आणि बक्षिसाचा धनादेश स्वतःच्या नावाचा. रायडर कपला यातलं काहीच लागू नाही. बारा-बारा जणांचे दोन संघ, तीन दिवस, २८ सामने आणि २८ गुण; सामना बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा-अर्धा. इथे फटक्यांची बेरीज करत नाहीत, एकेक होल जिंकायचं किंवा हरायचं. एखादं होल वाईट गेलं तर ते तिथेच संपतं. रविवारी बारा एकेरी सामने असतात. शुक्रवार आणि शनिवार जोड्यांचे. त्यातल्या एका प्रकारात, फोरबॉलमध्ये, चौघेही आपापला चेंडू खेळतात आणि जोडीतल्या चांगल्याचा आकडा धरला जातो. दुसऱ्या प्रकारात, फोरसम्समध्ये, दोघांत मिळून एकच चेंडू असतो. एक फटका तुझा, पुढचा माझा.

मी रोमला गेले ती या फोरसम्ससाठी. माझ्या मते गोल्फमधला हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर प्रकार आहे. जोडीदाराने चेंडू झाडीत घातला तर तो तुम्हाला काढायचा असतो. तुम्ही सहा फुटांवरचा पट हुकवला तर परतीचा तीन फुटांचा त्याच्या वाट्याला येतो. म्हणून फोरसम्स खेळणाऱ्यांत एक जुना संकेत आहे: जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही. फटका चुकणारच, हे दोघांनी पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे, उभं राहण्याआधीच मान्य करून टाकायचं. बाबा मला हे सांगायचे तेव्हा तो शिष्टाचार वाटायचा. रोममध्ये पाहिलं तेव्हा कळलं, की तो सांभाळल्याशिवाय हा खेळ खेळताच येणार नाही.

शुक्रवारी काळोख असतानाच निघालो. "वहिनी, पहिल्या टीच्या गॅलरीत जागा हवी असेल तर दार उघडल्या उघडल्या पळावं लागेल," दीर म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही पळा. मी ग्रीनपाशी थांबते." ग्रीन म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा. शेवटी तेही माझ्याबरोबर आले. गोल्फ प्रत्यक्ष पाहताना हे एकदा ठरवून टाकावं लागतं. अठरा होलवर एकाच वेळी चार सामने चालू असतात, सगळं दिसणं शक्य नसतं. सामन्याबरोबर चालायचं की एका जागी ठाण मांडायचं, ते आपण निवडायचं आणि बाकीचं कानांवर सोपवायचं.

आम्ही पहिल्या ग्रीनच्या दोरीला टेकून उभे होतो. उन्हं अजून गवतावर यायची होती, दव होतं. मागे टीवरून हजारो लोकांच्या एका लयीतल्या टाळ्या ऐकू येत होत्या: आधी संथ, मग जलद, मग एकच आरोळी, आणि एकदम शांतता. शांतता झाली की समजायचं, कुणीतरी चेंडूमागे उभं राहिलं. युरोपची पहिली जोडी गेली, जॉन राम आणि टिरेल हॅटन. त्यांच्यामागे व्हिक्टर होवलांड आणि लुडविग ओबर्ग आले, एक नॉर्वेचा, एक स्वीडनचा. ओबर्ग तेवीस वर्षांचा, त्याच वर्षी जूनमध्ये व्यावसायिक झालेला, तोवर एकही मेजर, म्हणजे गोल्फच्या वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकही, न खेळलेला. मेजर खेळण्याआधी रायडर कप खेळणारा तो पहिलाच.

त्यांचा चेंडू ग्रीनच्या बाहेर थांबला होता आणि पाळी होवलांडची होती. ग्रीनभोवतालचे छोटे फटके ही होवलांडची जुनी कमजोरी. त्याने त्यावर कसून मेहनत घेतली आणि त्याच मोसमात अमेरिकेतली फेडेक्स कप ही मालिका जिंकली. तरी जुनी ओळख सहजी पुसली जात नाही, माझ्या पोटात गोळा आला होता. त्याने दोनदा काठी हवेत फिरवून पाहिली, खाली वाकून दव बोटांनी चाचपलं, आणि फटका मारला. चेंडू थोडा उडाला, ग्रीनवर टेकला, दवातून काळसर रेघ ओढत गेला आणि होलमध्ये पडला. पुढचं मला फार ऐकू आलं नाही. पण ओबर्गचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. फटका त्याने मारलेला नव्हता, आणि त्याला झालेला आनंद स्वतःच्या फटक्याच्या आनंदाहून मोठा होता. बाराही महिने एकट्याने जिंकणाऱ्या आणि एकट्याने हरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर तो आनंद एरवी दिसत नाही.

दुपार व्हायच्या आत चारही सामने युरोपने घेतले. पहिल्याच सत्रात ४–० हे युरोपच्या इतिहासात तोवर कधी झालं नव्हतं. यामागे काय काय होतं ते दीर मला चालता चालता समजावत होते. बरेच अमेरिकन खेळाडू महिनाभर स्पर्धेत उतरलेले नव्हते, हे एक. युरोपचा कर्णधार ल्यूक डोनाल्ड याने जोड्या लावताना केलेला विचार, हे दुसरं, आणि मला जास्त रंजक वाटलं ते हेच. उपकर्णधारांत एदोआर्दो मोलिनारी होता, खेळाडूंच्या आकडेवारीचा अभ्यास हे त्याचं खास काम. फोरसम्समध्ये एक जण विषम होलवर सुरुवात करतो, दुसरा सम होलवर. छोटी होलं कुणाच्या वाट्याला येतात, कुणाचा दुसरा फटका किती अंतरावरून पडेल, हे आधीच मांडता येतं. एवढंच नाही, दोघे एरवी कोणत्या बनावटीचा चेंडू वापरतात हेही बघावं लागतं, कारण आज एकाला दुसऱ्याच्या चेंडूने खेळायचंय. कडक चेंडूची सवय असलेल्याला मऊ चेंडू दिला तर ग्रीनजवळ त्याचा अंदाज फसतो. मैत्री हवीच, पण तिच्याखाली इतका बारीक हिशेब असतो.

मैदान चढउताराचं आहे. टीव्हीवर ते सपाट दिसतं, पायांना खरं कळतं. त्यात सप्टेंबर संपत आला तरी ऊन चटका देत होतं. तिथे जाणाऱ्याने टोपी, पाण्याची बाटली आणि जुने, पायाला बसलेले बूट यांत तडजोड करू नये. गर्दीत इटालियन बोलणं कमी आणि आयरिश, इंग्लिश, स्वीडिश जास्त ऐकू येत होतं. इटलीचा एकही खेळाडू संघात नव्हता. शहरात आम्ही ज्या टॅक्सीत बसलो त्या चालकाला ही स्पर्धा माहीतच नव्हती. युरोप एक संघ म्हणून खेळतो याचं मात्र त्याला फार कौतुक वाटलं, त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ते कौतुक रास्तच आहे. ही स्पर्धा सुरू झाली ती ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात, १९२७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला. कप दिला सॅम्युअल रायडर यांनी. सेंट अल्बन्सचे हे व्यापारी बागेच्या बियाण्यांची पेनीला एक अशी पाकिटं विकून श्रीमंत झाले होते. कपावरची सोन्याची छोटी आकृती त्यांचे गोल्फचे शिक्षक एब मिचेल यांची आहे. पुढे अमेरिका इतकी सातत्याने जिंकू लागली की सामन्यात राम उरला नाही. अमेरिकेचे दिग्गज खेळाडू जॅक निकलॉस यांनी पुढाकार घेऊन सुचवलं, आणि १९७९पासून ब्रिटन-आयर्लंडच्या जागी सगळा युरोप आला. स्पेनचे सेवे बाय्येस्तेरोस त्याच वर्षी पहिल्यांदा खेळले. १९८५ला युरोप जिंकला आणि तिथून खरी चुरस सुरू झाली.

शनिवारी सकाळी पुन्हा होवलांड-ओबर्ग, समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा स्कॉटी शेफलर आणि पाच मेजर जिंकलेला ब्रूक्स केपका. सामना अकराव्या होललाच संपला. नऊ होलची आघाडी आणि सातच शिल्लक. अठरा होलच्या सामन्यात रायडर कपच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा विजय. थोड्या वेळाने मोठ्या पडद्यावर शेफलर दिसला, डोळे पुसत होता. माझ्या शेजारच्या एका आयरिश गृहस्थाने टाळ्या वाजवायचं थांबवलं आणि टोपी काढली. इतका मोठा खेळाडू एखाद्या स्पर्धेत साठावा आला असता तरी रडला नसता, विमानात बसून पुढच्या गावी गेला असता. इथे त्याच्यामागे अकरा जण होते.

मला तेव्हा अनिर्बान लाहिरी आठवला. २०१५ साली दक्षिण कोरियात प्रेसिडेंट्स कप झाला, युरोप सोडून उरलेलं जग विरुद्ध अमेरिका. त्या संघात निवडला गेलेला तो पहिला भारतीय. शेवटच्या दिवशी अठराव्या ग्रीनवर ख्रिस कर्कविरुद्ध जवळचा एक पट त्याच्याकडून हुकला. त्याचा संघ १४½–१५½ असा एका गुणाने हरला. त्या रात्री बाबा म्हणाले होते, "तो एका पटाने हरला नाही, तीस सामन्यांनी हरला." संघात खेळणाऱ्याला हे पटवणं किती कठीण असेल, ते मला शेफलरकडे बघून जाणवलं.

शनिवारच्या संध्याकाळी अठराव्या ग्रीनवर जे झालं त्याबद्दल बरंच लिहून आलं. अमेरिकेचा पॅट्रिक कँटले टोपी घालत नव्हता, खेळाडूंना मानधन मिळत नाही याचा निषेध म्हणून, अशी बातमी आली होती. टोपी बसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. प्रेक्षक दिवसभर त्याच्याकडे बघून टोप्या हलवत होते. त्याने शेवटची तिन्ही होलं बर्डीने, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन, संपवली, शेवटचा लांब पट घातला, आणि त्याच्या कॅडीने, म्हणजे काठ्या सांभाळणाऱ्या साथीदाराने, टोपी हवेत फिरवली, युरोपच्या रोरी मॅकिलरॉयचा पट अजून बाकी असताना, त्याच्या अगदी जवळ. रोरी संतापला. माझं मत विचाराल तर प्रेक्षकांची थट्टा चालू शकते, पण समोरच्याचा पट बाकी असताना ग्रीन मोकळं ठेवायचं, हा या खेळाचा पाया आहे. मात्र कँटलेचे ते तीन होल मी उभी राहून पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. युरोपच्या गर्दीत उभं राहूनही वाजवल्या. चांगला फटका कुणाचाही असो.

रविवारी १०½–५½ असा धावफलक होता. दुपारी तो अमेरिकेच्या लाल रंगाने भरू लागला, अमेरिका एकेक सामना ओढू लागली आणि गर्दी चुळबुळायला लागली. आम्ही सोळाव्याला थांबलो. टीवरून थेट ग्रीन गाठता येईल असं हे आखूड होल, उजवीकडे पाणी. अमेरिकेच्या रिकी फाउलरचा चेंडू पाण्यात गेला. युरोपच्या टॉमी फ्लीटवुडने मात्र सरळ ग्रीनवर उतरवला. तिथे पुढचं सगळं संपल्यातच जमा होतं. त्या होलने त्याचा अर्धा गुण पक्का झाला, युरोपचे १४½ झाले, म्हणजे २८ पैकी निम्म्याहून जास्त. अखेरचा निकाल १६½–११½. अमेरिका युरोपमध्ये १९९३नंतर जिंकलेली नाही, ती ओळ तशीच पुढे सरकली. दोन वर्षांपूर्वी ९–१९ असा मार खाल्ल्यावर रडलेला रोरी यावेळी पाचपैकी चार सामने जिंकून हसत होता.

त्यानंतर २०२५ला न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला युरोप १५–१३ असा परक्या मैदानावर जिंकला. तो मी घरूनच पाहिला. तिथल्या काही प्रेक्षकांनी रोरीला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून वाईट वाटलं. पुढची स्पर्धा २०२७ला आयर्लंडमध्ये, लिमरिक परगण्यातल्या अडेअर मॅनरला आहे. वूस्टरच्या पहिल्या स्पर्धेला तेव्हा शंभर वर्षं होतील. दीर पुन्हा नाव नोंदवणार आहेत. एकाच दिवसाचं तिकीट मिळालं तर कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं. लोक रविवार मागतात. मी फोरसम्स ज्या सकाळी असतील ती सकाळ मागितली आहे.