आम्ही एक्स्टेंशन बघत नाही: आमची वाटचाल

बिघडलेल्या व्हिडिओ फाइली दुरुस्त करणारी आमची फर्म. सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा भागीदार. फाइलचं नाव, त्याच्या शेवटचं एक्स्टेंशन (.एमपी४, .एमपीजी) वाचायची त्याला सवयच नव्हती. आली की थेट हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये. ०० ०० ०१ बीए दिसलं की प्रोग्राम स्ट्रीम (डीव्हीडीवर असतो तसा एमपीईजी प्रकार), पहिले ४ बाइट सोडून 'एफटीवायपी' दिसलं की एमपी४, १ए ४५ डीएफ ए३ म्हणजे एमकेव्ही नाहीतर वेबएम. मीडियाइन्फो आणि एफएफप्रोब ही फाइलची माहिती सांगणारी साधनं रोज वापरतो, पण त्यांनी हात टेकले की ही नजरच कामी येते.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचा जुना संग्रह आला. सगळ्या फाइलींचं नाव .एमपीजी, सुरुवात तुटलेली, त्यांच्याकडे एकही उघडेना. आम्ही ४७ हा बाइट शोधला; ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं (टीव्ही प्रसारणात वापरतात तो प्रकार) प्रत्येक पॅकेट त्याने सुरू होतं. एकटादुकटा ४७ कुठेही सापडतो, त्यावर जाऊ नका; तो ठरावीक अंतराने ओळीत यायला हवा. ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये हे अंतर १८८ बाइटांचं. इथे १९२ निघालं, म्हणजे प्रत्येक पॅकेटआधी ४ बाइटांचा टाइमस्टॅम्प: एम२टीएस, ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचाच एक प्रकार. पहिल्या पूर्ण पॅकेटपासून घेतलं, ते ४ बाइट काढले, आणि चित्र जसंच्या तसं, री-एन्कोड (चित्र नव्याने दाबून साठवणं) न करता उभं राहिलं.

गिऱ्हाइकाने आमचा अहवाल घेतला आणि काम स्वस्तात करणाऱ्या दुसऱ्या फर्मला दिलं. तिने सगळं सरसकट री-एन्कोड केलं, इंटरलेस फुटेजवर (ज्यात सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात) कंगव्यासारख्या रेषा कायमच्या बसवल्या. आमचं बिल आजही थकलेलं आहे. पगार लांबले, भागीदार नोकरीला लागला. त्याला मी दोष देत नाही. त्या गिऱ्हाइकाला देतो.

फर्म तगली ती माहितीपट करणाऱ्या एका बाईंमुळे. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती. 'मूव्ह', म्हणजे फाइलमध्ये काय कुठे आहे याची सूची सांगणारा भाग, लिहिलाच गेला नव्हता, त्यामुळे एमपी४ उघडत नव्हती. त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच सेटिंगच्या चांगल्या क्लिपमधून एसपीएस-पीपीएस (व्हिडिओ उलगडायला लागणारी सेटिंगची माहिती) घेऊन आम्ही मुलाखत वाचवली. तेव्हापासून त्या बाई कामाआधी पैसे देतात, दर विचारत नाहीत.

म्हणून सांगतो, फाइल चालली नाही तर कार्ड फॉरमॅट करू नका. हुबेहूब प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका, आणि त्याच कॅमेऱ्याची एक धड क्लिप सोबत आणा.

सध्या २०४ बाइटांच्या अंतराची रेकॉर्डिंग हाती आहेत. प्रत्येक पॅकेटचे शेवटचे १६ रीड-सॉलोमनचे, म्हणजे प्रसारणातल्या चुका दुरुस्त करायला जोडलेले. ते काढायचं काम चालू आहे.