एवढीशी माशी, केवढा ताप

आज लॅबमधे वाळूमाशी जवळून बघितली, म्हणजे सँडफ्लाय, काला आजार (परजीवीमुळे होणारा, लांबत जाणाऱ्या तापाचा रोग) पसरवते ती. जेमतेम २-३ मिलिमीटर, अंगभर केस, बसली तरी पंख वर उभारलेले आणि उडते कसली, टुणटुण उड्याच मारते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत शिरते ही बया! अळ्या पाण्यात नाही तर ओलसर मातीत वाढतात, त्यामुळे डबकी बुजवून हिचं काहीच वाकडं होत नाही.

हिच्या चाव्यातून अंगात शिरणारा काला आजाराचा परजीवी तर त्याहून बेरकी, ज्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून मारतात त्यांच्याच पोटात हा वाढतो. लायपोसोमल अँफोटेरिसिन हे त्यावरचं औषध इथेच भारी पडतं, कारण औषध भरलेले चरबीचे ते बारीक गोळे त्याच पेशी गिळतात. दुसरं औषध मिल्टेफोसिन, मुळात कॅन्सरसाठी शोधलेलं, गोळी असल्याने सोपं, पण गरोदर बाईला देता येत नाही. १९०३ साली लिशमन आणि डोनोव्हन या डॉक्टरांनी हा परजीवी जगापुढे आणला आणि माणसांसाठी लस अजून बाजारात नाही, राग येतो राव. गरिबांचा आजार ना, घाई कोणाला!

आणि बरे झालेल्यांपैकी काहींच्या अंगावर नंतर चट्टे उठतात, दुखत-खुपत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, पण त्या चट्ट्यांत परजीवी असतो, माशी त्यांना चावली की साखळी परत चालू. मला विचाराल तर खरं काम तिथंच आहे.