गणिताच्या तासाला गळका नळ

पर्यावरणासाठी आठवड्याला एक वेगळा तास ठेवा, अशी सूचना आली की मी विरोध करते. मी गणित शिकवते आणि मला तो विषय माझ्याच तासात हवा आहे. वेगळ्या तासाला पोस्टर रंगतात, घोषणा पाठ होतात आणि परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी तोच तास जातो. पर्यावरण शिक्षण सगळ्या विषयांतून यावं, हे तर १९७७ सालीच जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलं गेलं होतं.

एककांचं रूपांतर शिकवताना मी मुलांना शाळेतल्या गळक्या नळापाशी नेते. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे ४.३२ लिटर. वर्षाचे दीड हजार लिटरच्या वर! पण हे झालं कागदावर. मोजपात्र धरून बसलं की थेंब लहानमोठे निघतात, गटागटांची उत्तरं जुळत नाहीत, भांडणं होतात आणि सरासरी कशाला लागते ते तिथेच कळतं. मग मुख्याध्यापकांना अर्ज. तो भाषेच्या बाई त्यांच्या तासाला लिहून घेतात, पत्रलेखन अभ्यासक्रमात असतंच. दुरुस्तीनंतर मुलं पुन्हा मोजतात. नळ तरीही गळत असेल, तर नव्या आकड्यासह दुसरा अर्ज जातो.

हा दुसरा अर्ज मला फार महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीच्या संकटाचे मोठमोठे आकडे नुसते ऐकवले तर मुलं धास्तावतात. आकडा स्वतः काढला आणि त्यावर काही करता आलं, तर ती पुढचा प्रश्न विचारतात.

मोठ्या वर्गांत आलेखासाठी मी अमेरिकेच्या हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेच्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी घेते. १९५८ मध्ये हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते, २०१३ च्या मे महिन्यात दैनिक सरासरी पहिल्यांदाच ४०० च्या वर गेली. चढ सगळ्यांनाच दिसतो. पण कोणीतरी हमखास विचारतं, ‘बाई, रेघ करवतीसारखी का? दरवर्षी थोडी खाली का येते?’ मी उत्तर देत नाही. विज्ञानाच्या सरांशी आधीच ठरलेलं असतं: प्रकाशसंश्लेषणाचा धडा ते हाच आलेख फळ्यावर लावून सुरू करतात, उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटते तिथपासून.