बाईंनी दाखवलेला कांदा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं आणि खाली 'मनोगत पाठवा' असं वाचलं, तेव्हा लिहायचं तर शास्त्राच्या बाईंबद्दलच हे लगेच ठरलं. आमच्या ९४ च्या दहावीच्या बॅचला बाईंचं नाव सांगायची गरज नाही.

नववीत पेशी हा धडा आला. तोपर्यंत जीवशास्त्र म्हणजे आकृत्या काढा, नावं द्या आणि पाठ करा एवढंच वाटायचं. बाई म्हणाल्या, उद्या घरून एकेक कांदा आणा. निफाड तालुक्यातली शाळा आमची, घरोघरी कांदा चाळ, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीगच लागला. बाईंनी एक कांदा चिरला, त्यातली एक जाड पाकळी घेऊन तिच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने अलगद ओढून काढला, पाण्यात टाकला, मग काचपट्टीवर घेऊन वर सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब, आणि वरची काच सुईने तिरकी धरून हळूहळू खाली सोडली, म्हणजे बुडबुडे होत नाहीत. मायक्रोस्कोप एकच होता, आरशाचा, खिडकीतल्या उन्हात ठेवलेला. रांगेतून माझा नंबर आला, डोळा लावला, आणि विटा रचाव्यात तशा लांबट पेशी, प्रत्येकीत एक गडद गुलाबी ठिपका. ते केंद्रक. १६६५ साली रॉबर्ट हूकला बुचाच्या कापात नुसत्या रिकाम्या खोल्या दिसल्या होत्या, तुम्हाला आतलं पण दिसतंय बघा, असं बाई सांगत होत्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, बाई, पुस्तकात वनस्पतीच्या पेशीत हरितलवक दाखवलंय, मग यात हिरवं का नाही? दुसऱ्या कुणी शिक्षकांनी खाली बस म्हणून गप्प केलं असतं. बाईंनी त्याला पुढे बोलावलं, म्हणाल्या उद्या पात घेऊन ये. दुसऱ्या दिवशी पातीच्या आतला हिरवा गर खरवडून काचेवर घेतला, त्यात हिरवे दाणे स्पष्ट दिसले. मग बाईंनी सांगितलं की कांद्याच्या पाकळ्या म्हणजे पानांचेच खालचे भाग, मातीत राहतात, उजेड नाही, म्हणून तिथे हरितलवक नाही, तिथे नुसता अन्नाचा साठा. आणि मुळ्या जिथून फुटतात ती बुडाची चकती, ते कांद्याचं खोड! रात्री जेवताना मी हे दादांना सांगितलं. आयुष्यभर कांदा पिकवलेला माणूस, ताटातला कांदा उभा चिरून ती चकती बघत बसले, म्हणाले, तुझ्या बाईंना शेतावर घेऊन ये एकदा. बाई खरंच आल्या, आणि डोंगळ्याचं, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचं, फूल हातात घेऊन बांधावर उभ्या उभ्या परागीभवन शिकवलं, मधमाश्या आल्या नाहीत तर बी भरत नाही हे दादांनीच मग पुढे समजावून सांगितलं.

आज नाशिकला माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला, कर्ज काढलं, आता चार मुली हाताखाली आहेत. सेल काउंटर मशीन आलंय तरी शंका असली की स्लाइड मी स्वतः बघते. नवीन मुलीला वरची काच तिरकी कशी सोडायची हे शिकवते ते बाईंच्याच पद्धतीने.

माझ्या मुलाच्या शाळेत पेशी स्क्रीनवर फिरवून, रंगीत करून दाखवतात, छान असतं ते, पण नववी संपली तरी त्याने एकदासुद्धा स्लाइड बनवली नाही, याचं फार वाईट वाटतं. शेवटी मीच लॅबमध्ये नेऊन त्याला कांदा सोलायला लावला.

बाई आता नाहीत, कार्यक्रमात त्यांचा सत्कार करता आला असता तर किती बरं झालं असतं. बॅचच्या ग्रुपवर कमानीला रंग द्यायचं चाललंय, ते जरूर करा, पण माझ्याकडून प्रयोगशाळेला दोन मायक्रोस्कोप देतेय, आरशाचेच, लाइट गेली तरी चालतील असे. अजून कुणाला भर घालायची असेल तर फोन करा, काचपट्ट्या आणि सॅफ्रॅनिन पण लागणारच आहे.