आमची वाटचाल: एका दाराचं लेणं

सुरुवात बिल्डरांच्या वॉकथ्रूपासून झाली. न बांधलेल्या टू-बीएचकेत कॅमेरा फिरवायचा, बाल्कनीत कुंड्या मांडायच्या, खिडकीतून ऊन सोडायचं. पाच माणसं, गिरणीच्या वरचा भाड्याचा हॉल. रिकाम्या फ्लॅटमध्ये फिरताना भीतीच्या गेमची कल्पना सुचली, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं म्हणजे त्या वर्षी कामं आटली होती आणि पोरं बसून होती.

म्हणून गेमसाठी जागा बघायला पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांना गेलो. कन्नडजवळ, पायऱ्या उतरून दरीत. सर्वांत जुनी लेणी इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातली. दगड ठिसूळ, दर्शनी भाग बरेचसे ढासळलेले. "वरनं दगडं येत्यात, हिकडं सरका," चौकीदारकाकांनी दटावलं. कॅमेऱ्याचा स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून वह्या काढल्या आणि अंतरं पावलांनी मोजली.

घोळ परतल्यावर कळला. अशा गेममध्ये पळायला वाट लागते, आणि विहाराला दार एकच. मधे मंडप, कडेनं भिक्षूंच्या खोल्या, मागं डोंगर. पाठलाग सुरू झाला की खेळणारा दोन मिनिटांत कोपऱ्यात. एका परदेशी प्रकाशकानं तोडगा दिला: मागून भुयार काढा, दोन-तीन ममी टाका. ममी, सातमाळ्याच्या डोंगरात! पैसे बरे देत होता म्हणून मी आठवडाभर गप्प होतो, हेही कबूल. मॉडेलिंग करणारी पोरगी म्हणाली, "सर, भुयार काढलं तर ते लेणं कसलं, तळघर झालं." भुयार काढलं नाही. प्रकाशकही गेला.

मग पाठलागच उडवला. तिथं लेण्याच्या दाराशी पाच फण्यांचा नाग कोरलाय. त्याच्या मागून पन्हळ आहे. वरून पाणी सोडलं की फण्यांतून बाहेर पडायचं. आमच्या गेममधला नाग कोरडा. तुम्ही टॉर्चची बॅटरी जपत खोल्या बघत असता आणि दाराकडून टपटप ऐकू येते. वर कुणीतरी पाणी ओततंय, आणि बाहेर पडायचं तर त्याच दारातून. ती टपटप आमच्या ऑफिसच्या मोरीतली आहे, रात्री दोनला रेकॉर्ड केलेली; दिवसा खालची गिरणी बोलू देत नाही.

यक्षावरून मात्र भांडणं झाली. पितळखोऱ्याचा तो बुटका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनारानं केला, हे त्याच्या हातावरच कोरलंय. तसा एक आम्ही घडवून मंडपात बसवला. लोक हसतील, असं माझं म्हणणं.

चाचणीला भाच्याला बसवलं. वीस मिनिटांनी त्यानं हेडफोन काढला.

"मामा, हा मघाशी हसत नव्हता ना?"

मॉडेल पहिल्यापासून तेच आहे.

गेल्या महिन्यात १०० डॉलर भरून स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, आमच्या गेमचं पान उघडलं. पगार अजून वॉकथ्रूवरच निघतात. परवाच्या एका फ्लॅटला बिल्डरनं विचारलं, बेडरूममध्ये एवढा अंधार का?