कोर्ट फेअरफॅक्सचं, पत्र आत्याचं

एप्रिल 2022. ऑफिसला निघायच्या गडबडीत होते आणि सांगलीहून आईचा फोन आला. दादाच्या मुलाचं लग्न महिन्यावर आलेलं, त्यामुळे मला वाटलं साड्यांचं किंवा कार्यालयाचं काहीतरी असेल. पण आईचा पहिला प्रश्न, “अगं, ते जॉनी डेपचं कोर्ट तुमच्याच गावात आहे म्हणे?”

होतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, फेअरफॅक्समध्ये मी अकरा वर्षं राहतेय आणि चेन ब्रिज रोडवरची ती कोर्टाची इमारत माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. एरवी तिथे लोक फायली काखेत मारून येतात आणि जातात, कुणी मान वळवून बघत नाही. त्या वसंतात मात्र बाहेर डॉगवूडची झाडं पांढरी झाली होती आणि त्यांच्याखाली लोक अंथरूण टाकून झोपत होते. आत सामान्य लोकांसाठी शंभर जागा होत्या, त्यांचे मनगटी पट्टे सकाळी वाटायचे, म्हणून आदल्या रात्रीपासून रांग. घोषणा, फलक, गाडी आली की किंचाळ्या. कुणीतरी डेपचं मन रमावं म्हणून दोन अल्पाका (उंटाच्या जातीचे लोकरीचे प्राणी) आणून फुटपाथवर उभे केले होते. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीला असते तशी गर्दी, आणि आत एका मोडलेल्या लग्नाचा हिशेब चाललेला.

हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची पूर्वीची बायको, नटी अँबर हर्ड, ही दोघं व्हर्जिनियाची नव्हेत, तरी खटला इथे का, हे आईला समजावताना मला स्वतःलाही नीट कळलं. हर्डने डिसेंबर 2018 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये घरातल्या छळाविषयी लेख लिहिला. त्यात डेपचं नाव नव्हतं, पण रोख कुणाकडे आहे हे सगळ्यांना समजलं. त्याने बदनामीचा दावा लावला. त्या वर्तमानपत्राचा छापखाना आणि सर्व्हर फेअरफॅक्स कौंटीत, म्हणून दावा इथे चालला. त्याआधी त्याने लंडनच्या हायकोर्टात एका इंग्रजी वृत्तपत्रावर असाच दावा लावला होता आणि 2020 साली तो हरला होता. तो बायकोला मारतो, हे वृत्तपत्राने लिहिलेलं मुख्यतः खरं आहे, असं तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं. लंडनमध्ये ज्युरी, म्हणजे निकाल देणारे साधे नागरिक, नव्हती आणि टीव्हीचा कॅमेराही नव्हता. फेअरफॅक्सला दोन्ही होतं. हर्डच्या वकिलांनी कॅमेऱ्याला विरोध केला होता. न्यायाधीश पेनी अझकराटे यांनी तो मानला नाही.

या एका निर्णयामुळे खटला सांगलीत पोचला. इथले सकाळचे दहा म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेसात. म्हणजे दिवेलागण झालेली, भाकरीचा तवा चुलीवर, आणि फेअरफॅक्सचं कामकाज मोबाइलवर सुरू. भारतात टिकटॉक 2020 पासूनच बंद, पण त्याने काही अडलं नाही. तेच तुकडे इन्स्टाग्रामच्या रीळांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून यायचे. नवराबायकोची चोरून नव्हे, पण घरात केलेली भांडणाची रेकॉर्डिंगं, त्याने मित्रांना पाठवलेले मेसेज, अंथरुणाचे फोटो, कोण कधी किती प्यायलं याची यादी. हर्ड साक्ष देताना रडली, तर तिच्या रडण्याच्या आवाजावर लोक तोंड हलवून अभिनय करायला लागले. त्याखाली हसण्याची चित्रं.

मीही एक तुकडा पाठवला. आमच्या घरच्या ग्रुपवर, सदतीस माणसांच्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. “बघा, हे आमच्या गावात चाललंय,” असं काहीतरी लिहिलं होतं. त्या ग्रुपवर आत्याही आहे, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मेच्या मध्यावर मी लग्नासाठी सांगलीला गेले. गावभागातलं आमचं घर, पुढे मांडव, मागे नदीचा वारा, आणि त्या आठवड्यात रोज चारच्या सुमाराला वळवाचं आभाळ. अमेरिकेहून आले म्हटल्यावर यंदा कुणी पगार विचारला नाही, थंडी विचारली नाही. “तू बघितलंस का त्याला?” “खोटं बोलते ना ती?” “तिकडं लोक काय म्हणायलेत?” मामा, मामी, लग्नाचे आचारी, भडंगाची पिशवी घेऊन आलेले शेजारचे काका, सगळ्यांचं मत तयार होतं. खटला तेव्हा आठवडाभर थांबला होता, 16 मेला पुन्हा सुरू व्हायचा होता, तरी लोकांचा निकाल लागून मोकळा झाला होता.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी बायका माजघरात अक्षता रंगवत बसल्या होत्या. माझी चौदा वर्षांची भाची मध्ये उभी राहून हर्डची नक्कल करायला लागली. ओढणी डोळ्याला लावून, हुंदका देऊन, मध्येच ज्युरीकडे बघून. पोरीला अंग आहे, नाट्यपंढरीची पोर शेवटी. सगळ्या हसल्या. मी हसले.

आत्या परातीत तांदळाला कुंकू लावत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, “बाळ, त्याच्या आधीचं दाखव की.”

“कुठलं आधीचं, आजी?”

“ती रडायच्या आधी वकिलानं काय विचारलं होतं?”

भाचीला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी त्या कोर्टापासून दहा मिनिटांवर राहते.

आत्याला माहीत होतं. रात्री सगळी निजानीज झाली की ती कानात वायर घालून अख्खं कामकाज बघायची, तुकडे नाही, तासन्‌तास सलग. इंग्रजी तिला पुष्कळ कळतं. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात सत्तावीस वर्षं हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला तिने. कोण खरं, कोण खोटं, यावर तिने तोंड उघडलं नाही. मला एवढंच म्हणाली, “जज्जबाई मधे मधे सुट्टी देतात बघ. मला सलग दोन तास उभं केलं होतं.”

आत्याची केस 1991 ची. मी चौथीत होते. ती सासर सोडून आमच्याकडे आलेली, वय एकोणतीस. आज माझ्या ऑफिसात नव्याने लागणाऱ्या मुली याच वयाच्या असतात. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 आहे. 1976 च्या दुरुस्तीपासून त्यात स्पष्ट आहे की नवराबायकोचे असे खटले बंद खोलीत चालतील आणि त्यातलं काही छापायचं नाही. छापलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. त्याप्रमाणे आत्याच्या वेळीही खोली रिकामी केली होती. न्यायाधीश, दोन वकील, ती, तो, आणि टायपिस्ट. बाबासुद्धा बाहेर बाकावर.

सासरहून तिने आजीला एक पत्र लिहिलं होतं. ते पुराव्यात दाखल झालं, आणि समोरच्या वकिलाने त्यातलं एक वाक्य घेऊन तिला उलटसुलट विचारलं. रोजच्या संसारातलं साधं वाक्य होतं ते. कुठल्याही सासुरवाशिणीने आईला लिहावं असं. ते वाक्य चार दिवसांत गल्लीत आलं. आठवड्यात पोरांनी त्याला चाल लावली. आत्या रस्त्याने निघाली की मागून ती चाल ऐकू यायची. बायका नळावर एकमेकींना ते वाक्य म्हणून दाखवायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. आत्याने संध्याकाळचं गणपतीच्या देवळात जाणं सोडलं. पुढे नोकरी लागल्यावरही ती वळसा घालून, नदीकडच्या बाजूने जायची. बसस्टँडला जायचं तरी तिकडूनच.

यात मला जी गोष्ट बोचत राहिली, ती खोलीचं दार बंद होतं ही. फेअरफॅक्समध्ये दार सताड उघडलं म्हणून जग हसलं, असं माझं त्या वसंतात मत झालं होतं. पण सांगलीत दार बंद असूनही गल्ली हसलीच होती.

मी परत आल्यावर इथल्या ग्रंथालयातून रखमाबाईंवरचं जे मिळेल ते आणून वाचलं. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नवऱ्याकडे नांदायला त्या गेल्याच नव्हत्या. 1884 साली नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, त्यांना नांदायला आणण्यासाठी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपील झालं, आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला कितीतरी वर्षं बायकांच्या दवाखान्यात राबल्या. हे आपण शाळेत ऐकतो आणि अभिमानाने सांगतो. त्या चार वर्षांत त्यांच्याबद्दल काय काय छापलं गेलं, ते आपण ऐकत नाही. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. शिकल्यामुळे बाई अशी झाली, हा सूर. माहेरच्या इस्टेटीसाठी घरच्यांनी पोरीला अडकवून ठेवलं, हा दुसरा. मुंबईत त्यांना ज्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, असे लोक त्यांच्या स्वभावाविषयी खात्रीने लिहीत होते. मला ते वाचताना आमच्या मांडवातले आचारी आठवले, आणि मी स्वतः.

‘केसरी’ तेव्हा आठवड्याने निघायचा. म्हणजे एक अंक वाचून दुसरा हातात येईपर्यंत माणसाला सहा दिवस मिळायचे. आता रीळ संपायच्या आत दुसरं सुरू होतं. एवढा एक फरक मला मोठा वाटतो. बाकी फार बदललंय असं मला म्हणवत नाही.

निकाल 1 जूनला लागला. तिकडे दुपारचे तीन, सांगलीत मध्यरात्र उलटून अर्धा तास. लग्न पार पडून पाहुणे पांगले होते. उकाडा इतका की आत्या आणि मी गच्चीवर सतरंजी टाकली होती. तिने एक वायर माझ्या कानात दिली. सात जणांच्या ज्युरीने डेपला एक कोटी डॉलर भरपाई आणि पन्नास लाख डॉलर दंडात्मक भरपाई दिली (ती व्हर्जिनियाच्या कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे साडेतीन लाखांवर आली), आणि हर्डलाही तिच्या उलट दाव्यातल्या एका मुद्द्यावर वीस लाख डॉलर दिले. डेप कोर्टात नव्हता. ती होती, मान खाली घालून. बाहेरच्या गर्दीने जल्लोष केला आणि तो आवाज, रोज मी गाडीत बसून ऐकलेला, गावभागातल्या गच्चीवर माझ्या एका कानात आला.

आत्याने फोन उपडा ठेवला. बराच वेळ ती नदीच्या बाजूला बघत होती. मग म्हणाली, “ते पत्र 19 च्या पुरात गेलं. ट्रंकेत होतं. सगळे कागद लगदा झाले.”

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आमच्या घराचा खालचा मजला बुडाला, हे मला माहीत होतं. ट्रंकेचं माहीत नव्हतं.

तेव्हा मी तिला सांगितलं. एकतीस वर्षं कुणालाही न सांगितलेलं. कोर्टातून आल्यावर त्या रात्री बाबा आणि ती माजघरात बोलत होते, मी गोधडीत जागी होते, आणि ते वाक्य मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं. द्वेषाने नाही. आमच्या घरात काहीतरी मोठं चाललंय आणि मला ते माहीत आहे, एवढंच मला दाखवायचं होतं. नंतर ती चाल ऐकली तेव्हा मला कळलं होतं की हे माझ्याकडून गेलं. तेव्हा मी बोलले नाही. मोठी झाले, शिकले, परदेशात आले, तरी बोलले नाही.

आत्या म्हणाली, “कुणाला सांगितलंस?”

मी मैत्रिणीचं नाव सांगितलं.

“तिची आई माझ्याबरोबर नळावर असायची,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “मला वाटायचं, आमच्या वकीलसाहेबांनी सांगितलं. खोलीत आमच्या बाजूचे तेवढेच होते. केस संपल्यावर ते दोनदा घरी आले होते, मी बाहेर आले नाही. पुढं रस्त्यात दिसले तरी मान वळवली. ते वारले तेव्हाही गेले नाही.”

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. त्या रात्री आम्ही आणखी काही बोललो नाही.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा आधी तिला फोन केला. तिचा विषय, तिच्या आयुष्यातला, मी पुन्हा एकदा बाहेर नेणार होते, तेही सदतीस जणांच्या ग्रुपपेक्षा कितीतरी मोठ्या ठिकाणी. नको म्हणाली असती तर लिहिलं नसतं. तिने दोन दिवस घेतले. मग तिचाच फोन आला. पत्रातलं ते वाक्य लिहायचं नाही, असं म्हणाली, म्हणून ते इथे नाही. आणि दुसरी गोष्ट लिहायचीच, म्हणाली. वकीलसाहेबांचं नाव मी देत नाही, पण गावभागातल्या जुन्या माणसांना ते कोण ते कळेल, त्यांच्या घरच्यांनाही कळेल.

त्यांनी सांगितलं नव्हतं.