आमची वाटचाल: उजव्या कोपऱ्यातलं नाव

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं पहिलं मोठं काम, एक वेब ॲप्लिकेशन, प्रत्यक्ष वापरात आलं, त्या सकाळीच ग्राहकाच्या लेखा विभागातून फोन आला. "लॉगिन मी माझ्याच नावाने केलंय, पण वर उजव्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव दिसतंय." मी त्यांना पान रिफ्रेश करायला सांगितलं. त्यांनी केलं, तर तिसरंच नाव आलं.

तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. सगळं ॲप्लिकेशन दोघांनी आपापल्या मशीनवर पुन्हा पुन्हा तपासलं होतं आणि गोम नेमकी तिथेच होती. आपापल्या मशीनवर एका वेळी एकच माणूस लॉगिन असायचा. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या त्या ॲप्लिकेशनमध्ये 'सध्याचा युजर' आम्ही एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. स्टॅटिक म्हणजे चालू ॲप्लिकेशनमध्ये सगळ्यांना मिळून एकच जागा, त्यामुळे शेवटी ज्याने लॉगिन केलं त्याचं नाव सगळ्यांच्या पानावर झळकत होतं. एकट्याने कितीही चाचणी केली असती, तरी ही चूक सापडली नसती. दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. सकाळपासूनची प्रत्येक नोंद खरी कुणाची, हे त्यांच्या माणसांबरोबर बसून शोधण्यात मात्र पुढचे दोन दिवस गेले. नाव चुकीचं दिसणं एक वेळ चालेल, नोंदीखाली चुकीचं नाव लागणं चालत नाही, हे त्या दोन दिवसांत मनावर कोरलं गेलं.

ब्राउझर आणि सर्व्हर (ॲप्लिकेशन जिथे चालतं तो संगणक) ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्या एचटीटीपीला मुळात स्मरणशक्ती नाही. ब्राउझरकडून आलेली प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, सर्व्हरच्या लेखी नवखी असते. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवून दर रिक्वेस्टबरोबर परत पाठवायची छोटी नोंद, आणली ती ही उणीव भरून काढायलाच. सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरने लक्षात ठेवलेली ओळख, बहुतेक ठिकाणी त्याच कुकीवर उभं असतं. सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक अंदाज न बांधता येणारी खूण देतो आणि त्या खुणेखालची माहिती स्वतःजवळ ठेवतो. सामानघरातल्या बिल्ल्यासारखंच ते. जावातली ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट हा सर्व्हर आम्ही वापरत होतो, त्यात ही खूण जेसेशनआयडी नावाच्या कुकीत असते, साधारण ३२ अक्षरांची. बिल्ल्यावर मालकाचं नाव नसतं. तो ज्याच्या हाती, सामान त्याचं.

आम्ही सेशनवर आलो, पण अर्धवट कळून आलो. लॉगिन होताच युजरची अख्खी नोंद सेशनमध्ये टाकायचो: नाव, विभाग, हुद्दा, अधिकार, सगळं. पुन्हा डेटाबेसकडे जायला नको, असा हिशेब होता. वर्षभर काही बिघडलं नाही. मग एका ग्राहकाने एका व्यवस्थापकाचे अधिकार सकाळी काढून घेतले आणि तो माणूस संध्याकाळपर्यंत रजा मंजूर करत राहिला. डेटाबेसमध्ये त्याचा अधिकार गेला होता, सेशनमधल्या प्रतीत तो शाबूत होता. सेशनची ३० मिनिटांची मुदत आमच्या मदतीला आली नाही, कारण ती मुदत शेवटच्या वापरापासून मोजली जाते आणि तो दिवसभर काम करतच होता.

त्यानंतर आम्ही जो नियम केला, तो आजही कायम आहे. सेशनमध्ये फक्त युजरचा आयडी ठेवायचा. नाव, हुद्दा, अधिकार हे सगळं दर रिक्वेस्टला त्या आयडीवरून ताजं वाचायचं, आणि तेही एकाच ठिकाणी. संपूर्ण कोडमध्ये 'सध्याचा युजर द्या' असं विचारायला एकच फंक्शन. सेशनमध्ये आयडी नसेल किंवा खातं बंद असेल, तर ते तिथूनच लॉगिनच्या पानाकडे परत पाठवतं. डेटाबेसवर ताण येईल अशी भीती माझ्या भागीदाराला होती आणि ती गैर नव्हती. पण प्रायमरी कीवरून, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र क्रमांकावरून, एक ओळ वाचणं हे डेटाबेसचं सगळ्यात हलकं काम. आम्ही मोजून पाहिलं आणि तो विषय तिथेच मिटला.

या नियमाचा दुसरा फायदा पुढे दिसला. वापर वाढल्यावर एकाचे दोन सर्व्हर करावे लागले आणि लोक मध्येच लॉगआउट होऊ लागले. पहिली रिक्वेस्ट एका सर्व्हरकडे, दुसरी दुसऱ्याकडे, आणि दुसऱ्याला हा माणूस ठाऊकच नाही. सेशन दोन्ही सर्व्हरना दिसेल अशा सामाईक जागी, आमच्या बाबतीत रेडिस या मेमरीत माहिती ठेवणाऱ्या वेगवान डेटाबेसमध्ये, हलवणं भाग होतं. आत एक आकडाच होता, म्हणून ते काम झटपट झालं. जुन्या पद्धतीने अख्खा ऑब्जेक्ट असता, तर त्यातला प्रत्येक भाग सीरियलायझेबल, म्हणजे दुसरीकडे पाठवून तिथे पुन्हा उभा करता येईल असा, करत बसावं लागलं असतं.

बिल्ला सांभाळणं हे वेगळं काम. लॉगिन यशस्वी झालं की सेशन आयडी बदलायचाच, नाहीतर आधीच कुणी पेरून ठेवलेला आयडी घेऊन युजर आत येतो आणि पेरणाराही त्याच्याबरोबर आत. कुकीला एचटीटीपीओन्ली (पानावरच्या स्क्रिप्टला ती वाचता येऊ नये), सिक्युअर (ती फक्त एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीवरूनच जावी) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर ती जाण्यावर मर्यादा यावी) ही तिन्ही बंधनं लावायची. एचटीटीपीएसही फक्त लॉगिनच्या पानापुरतं ठेवून भागत नाही. २०१० साली फायरशीप नावाच्या, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेन्शनने खुल्या वायफायवरच्या इतरांच्या सेशन कुकी कुणालाही सहज उचलता येतात, हे सगळ्यांना दाखवून दिलं. ग्राहकाला हे समजावताना मला आजही तेच उदाहरण सगळ्यात उपयोगी पडतं.

रात्री आपोआप चालणाऱ्या अहवालांनी मात्र आम्हाला पुन्हा विचारात पाडलं. तिथे ब्राउझर नाही, म्हणून सेशन नाही, मग 'सध्याचा युजर' कोण? अहवाल ज्याने मागितला त्याचा आयडी आता आम्ही मागणीबरोबरच नोंदवतो, आणि अहवाल तयार होताना त्याचे त्या वेळचे अधिकार पुन्हा तपासतो.

आज आम्ही अकरा जण आहोत. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन वेगवेगळे ब्राउझर शेजारी शेजारी उघडायला सांगतो. दोन युजर, दोन लॉगिन, आणि एकात काही केलं की दुसऱ्यात काय दिसतं ते पाहायचं. मग एकाचा अधिकार काढायचा आणि त्याच्या आधीच उघडलेल्या पानावरचं बटण दाबायचं. अलीकडेच रुजू झालेल्या एका मुलीने हे करताना पानाच्या पत्त्यातला युजर आयडी हाताने बदलून पाहिला, आणि एका जुन्या पानावर दुसऱ्याच्या रजेचा तपशील उघडला. ते पान आमच्या त्या एका फंक्शनला न विचारता पत्त्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवत होतं. दुरुस्ती तिनेच केली, मी शेजारी बसलो होतो. ते पान ज्या ज्या ग्राहकाकडे चालू होतं, त्या प्रत्येकाला संध्याकाळच्या आत मी स्वतः फोन करून काय उघडं राहिलं होतं ते सांगितलं.